शेल्ड्रिकांच्या घरातले अनाथ हत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं नैरोबीत होतो. तिथल्या हत्तीच्या पिल्लांचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकायला लागले आणि सांगलीपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांचे प्रश्न सुरू झाले. परत येऊन बराच काळ लोटला, तरी लग्नात, बारशात कोणी ना कोणी तेच विचारतं. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

हे शेल्ड्रिक कोण?

डेव्हिड शेल्ड्रिक हे केनियातल्या त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन. १९४८ मध्ये उद्यान झालं तेव्हापासून १९७६ पर्यंत ते तिथे होते. त्यांची पत्नी डॅफ्नी, जन्म १९३४, केनियातच वाढलेली. लहानपणी तिने बुशबक जातीच्या हरणाचं एक पाडस सांभाळलं होतं, तिथपासून तिचं हे काम सुरू झालं म्हणायला हरकत नाही. त्सावोच्या घरात या दोघांनी हत्ती, गेंडे, रानम्हशी, झेब्रे, मुंगूस, शहामृग असं आई गमावलेलं काय काय वाढवलं. मुलींचं बालपण याच गोतावळ्यात गेलं. १९७७ मध्ये डेव्हिड हृदयविकाराने गेले. त्याच वर्षी डॅफ्नीने त्यांच्या नावाने संस्था उभी केली आणि नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या आवारात पिल्लांसाठी संगोपनगृह सुरू केलं. १२ एप्रिल २०१८ रोजी डॅफ्नी गेली. आता धाकटी मुलगी अँजेला सगळा कारभार पाहते.

त्सावो हे नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. १८९८ मध्ये मोंबासाहून निघालेल्या रेल्वेच्या पुलावर काम करणाऱ्या आपल्या हिंदुस्थानी मजुरांना नरभक्षक सिंहांनी उचललं, ते हेच त्सावो.

पिल्लं अनाथ होतात कशी?

मुख्य कारण हस्तिदंत. १९७३ च्या सुमारास केनियात अंदाजे १,६७,००० हत्ती होते. १९८९ पर्यंत ते वीस हजारांच्या आसपास आले. त्या वर्षी जुलैत राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळलं आणि वर्षअखेरीस हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. शिकाऱ्याला सुळे मोठ्या हत्तीचे हवे असतात. पिल्लाला तो गोळी घालत नाही, पण आईजवळ उभं राहिलेलं पिल्लू दुधाविना काही दिवसांतच मरतं.

शिकार कमी झाली तरी पिल्लं येतच राहिली. दुष्काळात आई मरते. पाण्यासाठी खणलेल्या विहिरीत पिल्लू पडतं आणि माणसांची चाहूल लागून कळप निघून जातो. शेतात शिरलेल्या हत्तिणीला कोणी भाला मारतो. फासेही असतात, ते लावलेले असतात हरणांसाठी आणि अडकतो हत्ती.

हत्तीच्या पिल्लाला गाईचं दूध का चालत नाही? आपण तर मांजरीच्या पिल्लालाही तेच देतो.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. (मांजरीच्या पिल्लालाही देऊ नये, पण तो वेगळा विषय.)

गाईच्या दुधातली चरबी हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला पचत नाही. जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं आणि शंभर किलोचं पिल्लू बघता बघता संपतं. दोन वर्षांच्या पुढची पिल्लं झाडपाल्यावर निभावू शकतात. त्सावोत शेल्ड्रिकांनी सुरुवातीला जी जगवली ती अशीच थोडी मोठी होती. अगदी तान्हं पिल्लू मात्र काही केल्या वाचत नसे. डॅफ्नीने मलई काढलेलं दूध, पावडरीचं दूध, वेगवेगळी मिश्रणं असं सगळं करून पाहिलं आणि एकामागून एक पिल्लं तिच्या हातात गेली. अनेक वर्षं हेच चाललं.

शेवटी उत्तर सापडलं ते माणसाच्या बाळाच्या पावडरीच्या दुधात आणि खोबरेल तेलात. आपल्या स्वयंपाकघरातलं, तेच खोबरेल तेल. हत्तिणीच्या दुधातल्या चरबीत कॅप्रिक आणि लॉरिक आम्लाचं प्रमाण मोठं असतं, आणि नारळाच्या तेलातही लॉरिक आम्ल भरपूर. चरबी त्याच जातीची मिळाल्यावर पिल्लाच्या पोटाने ती स्वीकारली. ज्या बाईने हे शोधलं ती रसायनशास्त्रज्ञ नव्हती. ती दर तीन तासांनी बाटली घेऊन उभी राहायची आणि पिल्लाच्या शेणाकडे बारकाईने बघायची. आपल्याकडच्या सुईणीने, आजीने बाळाचं लंगोट बघून पोट ओळखावं, तसं. म्हणूनच मला या शोधाचं मोल फार वाटतं.

म्हणजे दूध सापडलं आणि प्रश्न सुटला?

नाही. इथे आयशाची गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी थोडक्यात सांगू शकत नाही.

१९७४ मध्ये आयशा आली तेव्हा ती अगदी तान्ही होती. खोबरेलाचं ते मिश्रण तिला मानवलं आणि ती बाळसं धरू लागली. महिने गेले. एवढं लहान पिल्लू डॅफ्नीच्या हातून प्रथमच इतकं तगलं होतं. आयशा सावलीसारखी तिच्या मागे असायची, कारण तिच्या लेखी आई ती एकच होती. मग डॅफ्नीच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यासाठी तिला सुमारे दोन आठवडे नैरोबीला जावं लागलं. दूध तेच, बाटली तीच, वेळाही त्याच. माणूस तेवढं दुसरं होतं. आयशाने खाणंपिणं सोडलं. डॅफ्नी परतली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं, आणि ती गेली. जेमतेम सहा महिन्यांची असेल.

आयशाला आजाराने नेलं नाही, आई दुसऱ्यांदा गेल्याच्या धक्क्याने नेलं, असं डॅफ्नी पुढे आयुष्यभर सांगत राहिली. चूक कोणाची हे ती सरळ सांगायची: माझी, मी तिला माझ्या एकटीची होऊ दिलं. हत्तीचं पिल्लू रानात कधी एका आईचं नसतं. आजी, मावश्या, मोठ्या बहिणी अशा घोळक्यात ते वाढतं. आई चरायला चार पावलं पुढे गेली तर मावशीची सोंड पाठीवर असते. माणसाने पिल्लाला एकच आई दिली आणि तीच त्याच्यावर बेतली.

मग आता काय करतात?

आता पिल्लाला एक माणूस देत नाहीत, माणसांचा कळप देतात. हिरवे डगले घातलेले कीपर, म्हणजे पिल्लांना सांभाळणारी माणसं असतात. रात्री त्यांच्यातला एक जण पिल्लाच्या खोलीत, वरच्या फळीवर झोपतो. दर तीन तासांनी उठून दूध पाजायचं आणि पांघरूण सरकलं तर पुन्हा घालायचं. पण कोणाची कोणत्या पिल्लाजवळ पाळी हे रोज रात्री बदलतं. पिल्लाने सगळ्यांवर माया करावी, एकावर जीव टाकू नये, म्हणून. अशी पाळी लावल्यावर १९८७ मध्ये ओल्मेग हे अगदी तान्हं पिल्लू जगलं, आणि त्याच्या मागून कितीतरी.

पाजतानाची एक गोष्ट बघण्यासारखी असते. दूध पिताना पिल्लाला सोंड आईच्या पोटाला टेकवायची असते. म्हणून झाडाला किंवा दोरीला घोंगडी टांगतात, तिच्यामागून कीपर बाटली धरतो आणि पिल्लू घोंगडीला सोंड लावून डोळे मिटून पितं. माझ्या सासूबाईंनी हा व्हिडिओ पाहिला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गोधडी गं."

नवीन पिल्लू आलं की पहिले दिवस कसे जातात?

वाईट. काही पिल्लांनी आईला मारताना पाहिलेलं असतं. ती माणसावर धावून येतात, रात्री झोपेतून किंचाळत उठतात. काही नुसती उभी राहतात, मान खाली घालून. त्यांना सावरतात ती आधी आलेली पिल्लं. नव्याभोवती गोळा होऊन सोंडेने चाचपतात, मध्ये घेऊन फिरायला नेतात. दोन वर्षांची मुलगी सहा महिन्यांच्या पिल्लाची ताई होते. कीपरांचं काम दूध पाजायचं, ऊब द्यायची आणि बाकीचं हत्तींवर सोडायचं.

सगळी वाचतात का?

नाही. न्यूमोनिया होतो, दात येताना जुलाब लागतात, काही येतात तेव्हाच उशीर झालेला असतो. आज छान खेळत असलेलं पिल्लू परवा नसतं. तिथल्या लोकांनी हे इतक्या वेळा सोसलं आहे, तरी दर वेळी त्यांचे डोळे भरून येतात. मी ते पाहिलं आहे.

माणसाचा लळा लागलेला हत्ती रानात जगणार कसा? आपल्याकडे म्हणतात, एकदा माणसाळला की संपला.

हत्तीच्या बाबतीत हे खरं नाही, आणि त्याचं कारण पुन्हा कळपातच आहे. हत्तीला पकडून सोडून देणं असं काही इथे नसतंच. दार उघडलं, पिल्लू रानात पळालं आणि मागे माणूस डोळे पुसत उभा, असा एकही दिवस या कामात येत नाही. ही सुटका पाच ते सात वर्षं चालते, कधी त्याहून जास्त.

अडीच-तीन वर्षांचं झालं की पिल्लाला खास बांधलेल्या ट्रकमधून त्सावोकडे नेतात. वॉई आणि इथुंबा ही त्सावोतली ठिकाणं, आणि अधू किंवा जखमी झालेल्यांसाठी किब्वेझीच्या जंगलातलं उमानी स्प्रिंग्ज, २०१४ पासून. एकट्याला सहसा नेत नाहीत, जमलेल्या मित्रांबरोबर नेतात. तिथे दिवसभर कीपरांसोबत रानात चरायचं आणि संध्याकाळी कुंपणात परतायचं, कारण रात्री सिंह असतात. पाणवठ्यावर रानटी कळप भेटतात. तिथे रीतभात शिकायची: मोठ्यांच्या वाटेत यायचं नाही, पाण्याचा पहिला मान कोणाचा, म्हातारीने कान हलवले की काय समजायचं. हे कोणता माणूस शिकवणार?

त्यापेक्षा मोलाचे ठरतात ते आधी सुटलेले अनाथ. ते आता रानात राहतात, पण सकाळी कुंपणाशी येऊन थांबतात, लहानग्यांना बरोबर घेतात, दिवसभर फिरवतात. एखाद्या संध्याकाळी एखादं पिल्लू परतत नाही, थोरल्यांबरोबर राहतं. दुसऱ्या दिवशी येतं. मग आठवडाभर येत नाही. कधी सिंहाची डरकाळी ऐकून मध्यरात्रीच कुंपणाशी येऊन उभं राहतं आणि कीपर उठून त्याला आत घेतो. कोणी घाई करत नाही, कोणी हाकलतही नाही. साधारण आठ-दहा वर्षांचा होईतो हत्ती रानाचा झालेला असतो. तारीख तो ठरवतो.

मला विचाराल तर डॅफ्नीचा दुधाचा शोध जेवढा मोठा, तेवढंच हेही मोठं. पिल्लाला जगवण्यापुरता जीव लावायचा आणि मग त्या पिल्लाला दुसऱ्या हत्तींच्या हवाली करायचं. आपण मागे सरायचं, दिसेनासं व्हायचं नाही.

एलिनॉर कोण होती?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला साम्बुरूकडून आलेलं एक अनाथ पिल्लू. त्सावोत ती मोठी झाली आणि पुढे कितीतरी अनाथांची आई झाली. नवं पिल्लू आलं की ती त्याला पोटाशी घ्यायची. रानात जाऊन ती परत यायची, आणि अखेर १९९० च्या दशकात ती रानटी हत्तींतच राहिली.

एलिनॉरमुळे डॅफ्नीच्या जिवावर बेतलं होतं, तेही ऐकून ठेवा. रानात एक हत्तीण दिसली, डॅफ्नीला वाटलं एलिनॉरच. हाक मारली, ती जवळ आली, डॅफ्नीने तिला हात लावला आणि दुसऱ्या क्षणाला ती खडकांवर फेकली गेली. पाय मोडला. ती हत्तीण दुसरीच होती, पूर्ण रानटी. ती पुन्हा जवळ आली, तेव्हा डॅफ्नीला वाटलं आता संपलं. पण तिने तुडवलं नाही, उलट सुळे अंगाखाली घालून तिला उचलायला बघितलं. डॅफ्नीचं म्हणणं असं की एलिनॉरने तिला आपल्याबद्दल काहीतरी सांगितलेलं असणार. हे खरं की नाही यावर मी वाद घालणार नाही. हत्तीला हात लावू नये, एवढं मात्र या गोष्टीतून घ्या.

सोडल्यावर ते ओळखतात का? परत येतात?

येतात. फाशाची जखम झाली, बाण लागला तर मोठा झालेला हत्ती किलोमीटरच्या किलोमीटर चालत त्या कुंपणाशी येऊन उभा राहतो. तिथे आपल्याला कोणी बघतं हे त्याला ठाऊक असतं. आणि हत्तिणी येतात पिल्लं दाखवायला. एमिली, यट्टा, मुलिका या सगळ्या संगोपनगृहात बाटलीवर वाढलेल्या. रानात त्यांना पिल्लं झाली आणि बहुतेकदा काही दिवसांतच त्या बाळाला घेऊन कीपरांसमोर हजर झाल्या. आपल्याकडे लेक बाळंत झाली की बाळाला घेऊन माहेरी येते, तेच. अशी रानात जन्मलेली पन्नासहून अधिक पिल्लं आता नोंदली आहेत. संस्थेने आजवर अडीचशेहून जास्त अनाथ हत्ती वाढवले आहेत.

फक्त हत्तीच का?

नाही. काळे गेंडेही बरेच, पण त्यांना सोडणं जास्त कठीण. गेंडा एकटा राहणारा आणि आपल्या हद्दीबद्दल फार कडक. त्यामुळे सोडायच्या कितीतरी महिने आधी पिल्लाला रोज रानातल्या गेंड्यांच्या शेणाच्या ठरावीक ढिगांकडे नेतात. तिथे तेही शेण टाकतं, आणि तिथल्या गेंड्यांना वासावरून कळतं की या भागात नवीन कोणी आहे. ही ओळख न होता सोडलं तर ते मारलं जातं. मॅक्सवेल नावाचा गेंडा जन्मतः आंधळा होता. त्याला सोडता येणं शक्यच नव्हतं, म्हणून तो तिथेच राहिला.

झेब्र्याचं पिल्लू आईचे पट्टे मनात ठसवून घेतं. म्हणून तिथे पट्ट्यापट्ट्यांचा डगला आहे, ज्याची पाळी असेल तो कीपर तो घालतो.

एवढा पैसा एका पिल्लावर? तेवढ्यात जंगल वाचलं नसतं का?

हा प्रश्न योग्य आहे आणि विचारणाऱ्यावर मी कधी चिडले नाही. पण हीच संस्था केनियाच्या वन्यजीव सेवेबरोबर फासे काढणारी पथकं आणि फिरती पशुवैद्यकीय पथकं चालवते. त्यासाठी मिळणारे बरेचसे पैसे जगभरातून पिल्लांना दत्तक घेणाऱ्यांकडून येतात. पिल्लाचं नाव माहीत असलेला माणूस त्याच्या रानासाठीही पैसे देतो. शिवाय इथुंबाकडचा त्सावोचा उत्तर भाग शिकारीमुळे हत्तींविना ओस पडला होता. तिथे अनाथ राहू लागले आणि त्यांच्या मागोमाग रानटी कळपही परतले.

बघायला जाता येतं का?

येतं. रोज सकाळी ११ ते १२, चिखलस्नानाच्या वेळी. आधी नोंदणी करून जा. तासभरच असतं, कारण जितकी माणसं कमी तितकं पिल्लांना बरं.

आपल्याकडे असं का होत नाही?

होतं, पण कमी. तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या तेप्पकाडू छावणीतला रघू हा अनाथ हत्ती 'द एलिफंट व्हिस्परर्स' या माहितीपटाला मिळालेल्या ऑस्करमुळे आपल्या घराघरात पोहोचला. बोम्मन आणि बेल्ली या जोडप्याने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, पण तो छावणीचा हत्ती झाला, रानात गेला नाही. आपली जुनी रीत हत्तीला कामाला, देवळाला किंवा छावणीला लावायची. सोडून देण्याचं काम आसामात झालं आहे. काझीरंगाजवळ २००२ पासून वन्यप्राणी पुनर्वसन केंद्र आहे, आणि तिथे बाटलीवर वाढलेले गेंडे आणि हत्ती मानसच्या जंगलात गेले. त्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही याची मला खंत वाटते.

मला रानात किंवा शेतात पिल्लू सापडलं तर मी वाढवू का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे रानटी प्राणी घरी ठेवणं गुन्हा आहे. शेल्ड्रिकांकडे उद्यान होतं, सरकारी अधिकार होता, आणि तरीही कितीतरी पिल्लं गेली.

दुसरं म्हणजे, सापडलेलं पिल्लू अनाथ असेलच असं नाही. जुन्नर, आंबेगावकडे ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची बछडी सापडतात. आई लांब गेलेली नसते. कोयत्यांच्या आवाजाने बाजूला झालेली असते आणि अंधार पडण्याची वाट बघत असते. वन खात्याचे लोक आणि माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रातले डॉक्टर बछड्यांना तपासतात, संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब जातात. बहुतेकदा त्याच रात्री आई येऊन एकेकाला तोंडात धरून नेते.

म्हणून जागा लक्षात ठेवा, गर्दी हटवा, फोटोसाठी उचलू नका, दूध पाजू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.